पांझरेकाठचे फड

थाळनेर आणि अशीरगड यांचे वेढे, फारुकी सुलतानांच्या वंशावळी, होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८१८ नंतरचा इंग्रजी बंदोबस्त यांविषयी खानदेशच्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले. परंतु ज्या पाण्यावर या सर्व सत्तांचा वसूल उभा होता, ते पाणी गावोगावच्या कुणब्यांनी कसे अडवले, कसे वाटून घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या नियमांनी सांभाळले, याची बखर कोणी लिहिली नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्या धुळे शहरात १९२६ साली देह ठेवला, त्या शहराच्या मधूनच पांझरा वाहते. या नदीच्या दोन्ही तीरांवर पाणी वाटून घेण्याची जी फडपद्धती नांदली, तिची कागदपत्रे थोडी आणि वहिवाट फार, म्हणून दफ्तरांवर विसंबणाऱ्या इतिहासाच्या नजरेतून ती निसटली असावी. माझ्या मते मराठी मुलखाने निर्माण केलेल्या सार्वजनिक संस्थांमध्ये या पद्धतीचे स्थान फार वरचे आहे.

पिंपळनेरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत उगम पावून पांझरा साक्री तालुक्यातून पूर्वेकडे वाहत धुळ्यास येते, आणि तेथून पुढे उत्तरेकडे वळून मुडावदजवळ तापीस मिळते. तिच्या दक्षिणेस बागलाणात मोसम आणि आरम या दोन नद्या आहेत. त्या गिरणेस मिळतात आणि गिरणेच्या द्वारा त्यांचेही पाणी अखेर तापीतच जाते. या तिन्ही नद्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचे उगम पावसाच्या प्रदेशात आहेत आणि वाटचाल पर्जन्यछायेतून होते. धुळ्याच्या बाजूस वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साल बरे गेले असे समजतात; अशा जिराईत मुलखाच्या मधून दूरच्या डोंगराचे पाणी वाहत येते आणि पावसाळा सरल्यावरही काही महिने टिकते. जमीन काळी व सुपीक, नदीचा उतार भरपूर आणि पात्रात जागोजाग उघडा पडलेला काळा खडक, असा हा योग आहे. उतार असल्यामुळे वरच्या अंगाला अडवलेले पाणी थोड्याच अंतरावर काठाच्या जमिनीवर आपोआप चढते, आणि खडक असल्यामुळे बंधाऱ्याचा पाया खोल खणावा लागत नाही. ज्यांनी पहिले बंधारे घातले त्यांनी हे हेरले होते. धरणाची जागा निवडण्याचे ज्ञान त्यांना ग्रंथातून नव्हे, तर नदीच्या नित्य सहवासातून आले असले पाहिजे.

हे बंधारे कोणी घातले, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. फडपद्धतीचे वय तीन-चारशे वर्षांचे मानण्याचा प्रघात आहे. त्या कालखंडाच्या आरंभी खानदेशावर फारुकींचा आणि बागलाणावर बागुल राजांचा अंमल होता. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला, आणि १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबाने बागलाण मोगलाईस जोडले. मुल्हेरच्या बागुलांच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचले. ज्या छोट्याशा राज्याला असा कवी पोसता आला, त्याच्या संपत्तीचे मूळ सुरतेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांइतकेच मोसमकाठच्या पाटस्थळ बागाईतीत होते, असे मानण्यास हरकत नाही. पुढे मराठी अमलात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल देणे, पहिली काही साले सारा हलका ठेवून तो इस्ताव्याने चढवीत नेणे, ही राज्यकारभाराची रूढ रीतच होती. एक गोष्ट मात्र निश्चित दिसते. राजसत्तेने सनद दिली असेल, इनाम दिले असेल, क्वचित चुना-दगडाचा खर्चही सोसला असेल. परंतु बंधारा उभा राहिल्यानंतर त्याचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा जावे, हे ठरवायला कमाविसदार कधी गावात आला नाही. ते गावाने ठरवले.

बंधारा म्हणजे नदीच्या पात्रात आडवी घातलेली दगड-चुन्याची बुटकी भिंत. साठा करणे हा तिचा उद्देशच नव्हे. वाहत्या पाण्याची पातळी थोडी उंचावून ते पाटाच्या मुखाशी आणून सोडावे, एवढेच तिचे काम. पुराचे पाणी तिच्या डोक्यावरून खुशाल जाई, आणि पाटात आलेले जादा पाणी ठिकठिकाणच्या सांडव्यांनी पुन्हा नदीत परते. बंधाऱ्यापासून निघणारा मुख्य कालवा, त्याच्या चाऱ्या, चाऱ्यांपासून शेताशेतात जाणारे सारंग, आणि या सर्वांच्या खाली येणारे, बारमाही वहिवाटीने पाण्याचा हक्क असलेले थळ, अशी ही रचना होती. थळाची मर्यादा आरंभीच आखलेली असे, आणि ती आखताना चांगल्या सालचे पाणी हिशेबात न धरता हलक्या सालचे धरत. पाटाच्या खाली असूनही थळाबाहेर राहिलेल्या जमिनीला पाणी उरले तरच मिळे.

आता मुख्य गोष्ट. हे थळ बहुधा तीन किंवा चार भागांत विभागलेले असे, आणि त्या प्रत्येक भागास फड म्हणत. फडाचा विस्तार गावागणिक निराळा, साधारणतः १० हेक्टरांपासून २०० हेक्टरांपर्यंत. खातेदाराची सर्व जमीन एकाच फडात नसे. आदर्श मांडणीत प्रत्येक कुळाची एकेक पट्टी प्रत्येक फडात पडे. दरसाल गाव बसून ठरवी, की यंदा कोणत्या फडात ऊस लावायचा, कोणत्यात गहू-हरभरा किंवा इतर हंगामी पीक घ्यायचे आणि कोणता फड विसाव्याला टाकायचा. एकदा ठरले की त्या फडात दुसरे पीक नाही. उसाच्या फडात जमीन असणाऱ्याने ऊसच लावायचा. गव्हाच्या फडात ज्याची पट्टी आहे त्याला मनात आले म्हणून ऊस लावता येत नसे. पुढल्या साली पाळी फिरे. ज्या फडात ऊस होता तेथे हलके पीक येई, विसावलेली जमीन पुन्हा उठे, आणि तीन-चार वर्षांत प्रत्येक फडाच्या, म्हणून प्रत्येक खातेदाराच्या वाट्याला प्रत्येक प्रकारचे पीक येऊन जाई.

वरवर पाहणाऱ्याला हा शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावरचा जाच वाटेल, आणि पुढील काळातल्या अनेक शिकलेल्या माणसांना तो तसा वाटलाही. परंतु थोडे खोलात शिरले, की या नियमामागची बुद्धी थक्क करते. पाण्याची वाटणी करायची तर पाणी मोजता आले पाहिजे. आणि ज्या काळी पाटावर मोजणीची कसलीही साधने नव्हती, त्या काळी वाहते पाणी मोजायचे कसे? गावाने पीक हेच माप ठरवले. एका फडात सर्वांचे पीक एक, पेरणीचा समय एक, पाण्याची निकड एक; म्हणजे एका पट्टीला जितके पाणी लागेल तितकेच शेजारच्या पट्टीला लागणार, आणि कोणी अधिक घेतले वा कोणाला कमी मिळाले तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसणार. हिशेबाची वही न ठेवता हिशेब चोख ठेवण्याची ही युक्ती होती. शिवाय उसासारखे वर्ष-दीड वर्ष पाणी पिणारे पीक एकत्र ठेवल्यामुळे उन्हाळ्यात नदी आटत आली असता सगळ्या शिवारभर पाणी खेळवावे लागत नसे, एकाच फडाच्या चाऱ्या चालू ठेवल्या की काम भागे, आणि वाटेत मुरून वाया जाणारे पाणी वाचे. पाटाखालच्या जमिनीचा नित्याचा रोग म्हणजे अतिपाण्याने ती फुगणे आणि खारवणे. विसाव्याच्या पाळीने त्याही रोगाला बराच आळा बसे. आणि दुष्काळाचे साल आले तर? तर उसाचा फड आखडायचा किंवा मुळीच लावायचा नाही, हे सर्वांना एकदमच लागू होई. एकाचा ऊस वाळून दुसऱ्याचा हिरवा राहिला, असा देखावा फडात निर्माण होण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

या व्यवस्थेचा कारभार पंच पाहत. त्यांच्या हाताखाली पाटकरी असे. मुख्य पाटाची देखभाल करणे आणि पाणी फडाच्या तोंडाशी पोहोचवणे ही त्याची जबाबदारी. फडातल्या शेतांना पाणी देणारा तो बारेकरी. खातेदाराने स्वतः पाण्याचे दार उघडायचे किंवा बंद करायचे नाही, ओळीने पाळी येईल तेव्हा बारेकरी देईल ते पाणी घ्यायचे, असा दंडक होता. आणि मला वाटते, या एका दंडकाने जितके तंटे टाळले तितके कुठल्याही मामलेदार कचेरीने मिटवले नसतील. ज्याला पाणी हवे आहे त्याच्या हाती पाण्याचे दार नाही, आणि ज्याच्या हाती दार आहे त्याला स्वतःला त्या पाण्याची गरज नाही, हे तत्त्व न्यायशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात शोभून दिसेल. पिकाच्या राखणीसाठी जागल्या असे. सगळा फड एकाच पिकाखाली असल्यामुळे एकेका शेताला कुंपण घालण्याऐवजी सगळ्या फडाची राखण एकत्र करता येई, आणि मोकाट गुरे शिरली तर धन्याला दंड होई. या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार. त्यांची मजुरी रोख पैशांत नसे. पीक निघाल्यावर जमिनीच्या प्रमाणात धान्याच्या रूपाने ती घरोघरून जमा होई. म्हणजे पीक बुडाले तर पाटकऱ्या-बारेकऱ्यांचेही बुडे, आणि म्हणून पाणी शेवटच्या पट्टीपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असे. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढणे, फुटलेले काठ बांधणे, बंधाऱ्याची पडझड सावरणे या कामांना प्रत्येक खातेदाराने आपल्या जमिनीच्या मानाने अंगमेहनत द्यायची. जो येणार नाही त्याने बदली माणूस द्यायचा किंवा दंड भरायचा.

एका गावाचे जसे थळ, तशी सगळ्या नदीची मिळून बंधाऱ्यांची साखळी. सामोडे, नेर, न्याहळोद अशा पांझरेकाठच्या कितीतरी गावांच्या शिवारांत पाटाचे पाणी खेळले, आणि त्या प्रत्येक गावाच्या वर एक बंधारा आणि खाली एक बंधारा होता. आजच्या परिभाषेत ज्याला नदीखोऱ्याचे व्यवस्थापन म्हणतात, त्याचा प्रश्न येथे रोज उभा राही: वरच्याने किती घ्यावे आणि खालच्यासाठी किती सोडावे? बंधाऱ्याच्या बांधणीतच या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते. बुटकी भिंत सगळी नदी अडवूच शकत नाही. भिंतीवरून, भिंतीतून आणि सांडव्यांतून पाणी पुढे जाते, आणि वरच्या थळात मुरलेले पाणीही पाझरून पुन्हा पात्रात उतरते व खालच्या बंधाऱ्यास मिळते. उरलेले अर्धे उत्तर वहिवाटीत होते, आणि ती वहिवाट नेहमीच सुखाने पाळली जाई असे समजण्याचे कारण नाही. टंचाईच्या साली पाण्यावरून गावागावांत भांडणे झाली, बंधारे फोडण्याच्या धमक्या झाल्या. पण ज्याच्याशी भांडायचे तो माणूस चार कोसांवर, सोयरिकीतला आणि ओळखीचा होता. भांडण करून पुन्हा त्याच्याच बाजारात जायचे होते.

फडाची स्तुती करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. फडातली समता ही थळात जमीन असणाऱ्यांची समता होती. ज्याच्या नावावर पट्टी नाही, त्या भूमिहीन माणसाला पाण्याच्या बैठकीत जागा नव्हती. उसाच्या फडात ज्यांनी घाम गाळला त्या मजुरांना कामाची मजुरी मिळाली, पाण्यावर हक्क मिळाला नाही. आणि पंचांच्या बैठकीत स्त्रीचा शब्द नव्हता. गावगाड्याचे जे दोष होते ते फडातही उतरले. जुन्या व्यवस्थेविषयी आदर बाळगणाऱ्याने हे झाकू नये. झाकल्याने तिची थोरवी वाढत नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडाखा लढायांचा बसला. होळकरांच्या १८०२ सालच्या स्वारीने आणि पाठोपाठ आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळाने खानदेश ओसाड झाला. पेंढाऱ्यांनी उरलेसुरले लुटले. गावेच्या गावे उठून गेली, तेव्हा पाटातला गाळ कोण काढणार? १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज जेव्हा या मुलखाचा कारभार पाहू लागला आणि धुळ्यास ठाणे करून बसला, तेव्हा त्याच्या हाती अर्धामुर्धा निर्जन प्रांत आला होता. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटिअरातही नद्यांवरच्या पडक्या बंधाऱ्यांचे उल्लेख येतात. काही बंधारे सरकारी खर्चाने दुरुस्त झाले, रयत परतली, आणि जमाबंदीच्या वेळी पाटाखालच्या जमिनीवर पाटस्थळ बागाईत म्हणून आकार बसला, विहिरीवरच्या जमिनीवर मोटस्थळ म्हणून बसला. पाण्याचा मोबदला अशा रीतीने साऱ्यातच मिसळला गेला. आतापर्यंत गावाचे असलेले पाणी सरकारी पत्रकात सरकारचे म्हणून नोंदले गेले, तरी ते वाटायचे काम अजून गावच करीत होते.

खरा फरक १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने पडला. या कायद्याने सरकारला नदीनाल्यांचे पाणी सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. नव्या सरकारी कालव्यांवर जो बंदोबस्त आला त्यात शेतकऱ्याने एकेकट्याने अर्ज करायचा, कालवा अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा आणि पाणीपट्टी आकारायची, अशी रीत होती. शेतकरी आणि सरकार यांच्या मधला गाव तेथे नाहीसा झाला. पांझरेकाठचे जुने फड त्या मानाने वाचले. सरकारने त्यांच्या अंतर्गत वहिवाटीत फारसा हात घातला नाही. परंतु बंधारा नादुरुस्त झाला की कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, याविषयी गावाचा निश्चय डळमळू लागला. जी गोष्ट आपली आहे ती दुरुस्त करायला माणूस पहाटे उठतो; जी सरकारची आहे तिच्यासाठी अर्ज लिहितो.

याच काळातली एक घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते पांझरेच्या एका पाटावरचे, साक्रीकडच्या दातर्ती गावाजवळचे, पाणी नळांतून नाल्याखालून पलीकडे नेण्याचे. पुढे १८९९ मध्ये त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर जी ब्लॉक पद्धती सुरू केली, तिच्यात जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या ठरावीक हिश्श्यात ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिके घ्यायची, आणि पाणी अनेक गावांत पसरून द्यायचे, अशी योजना होती. फड आणि ब्लॉक यांतले साम्य उघड आहे. भेद इतकाच, पण तो मोठा आहे, की फडातला निर्णय गावाच्या बैठकीत होत असे आणि ब्लॉकातला निर्णय कालव्याच्या कचेरीत. त्या कालव्यांपैकी नीरा कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी आरंभी ब्लॉक पद्धतीविषयी कुरकूर केली, त्याचे कारण शिस्तीचा कंटाळा एवढेच नसावे.

स्वातंत्र्यानंतर नद्यांच्या माथ्यावर धरणे आली. पांझरेच्या खोऱ्यात मालनगाव आणि लाटीपाडा, मोसमेवर हरणबारी, आरमवर केळझर, आणि अगदी अलीकडे पांझरेवर अक्कलपाडा. या धरणांनी पुष्कळ नवी जमीन भिजवली आणि त्यांची गरज नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु फडाच्या दृष्टीने पाहिले तर नदीचे स्वरूपच पालटले. जे पाणी आपोआप वाहत येई ते आता आवर्तनाने येऊ लागले, आणि आवर्तन केव्हा सुटेल हे गावाबाहेरच्या कोणीतरी ठरवू लागले. त्याच सुमारास वीज आली, विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि ज्याच्यापाशी पैसा होता त्याने आपल्या पट्टीत विहीर खणून बारमाही ऊस घेतला. त्या विहिरीत येणारे पाणी बहुतांशी पाटाचेच पाझरलेले होते. परंतु ते जमिनीखालून आले म्हणून कोणाच्या पाळीत मोजले गेले नाही. साखर कारखाने निघाले आणि उसाची गरज वाढली, तशी विसाव्याचा फड पडीक ठेवण्याची बुद्धी कोणाला राहिली नाही. एका फडात दोन पिके, मग चार पिके, आणि पिकाचे माप मोडल्यावर पाण्याची वाटणीही मोडली. बारेकरी म्हणून काम करायला माणूस मिळेना, कारण धान्याच्या वाट्यावर आता संसार चालत नव्हता. काही गावांत पाटकरी आणि पंच नावाला राहिले, काही गावांत अजूनही पाळी चालते. पण ज्या एकवटलेल्या निर्णयामुळे फडाला फड म्हणत, तो बहुतेक ठिकाणी गेला.

लोकांच्या हाती पाण्याचा कारभार द्यावा, हा विचार सरकारी वर्तुळात परत आला तो १९८० नंतर, आणि तो प्रत्यक्षात उतरल्याचे एक उदाहरण नाशिक जिल्ह्यातले, मात्र दुसऱ्या खोऱ्यातले आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवरच्या वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याचे शेपूट ओझरला येते, आणि शेपटाला पाणी न पोहोचणे हा सरकारी कालव्यांचा जणू जन्मसिद्ध दोष. ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतर तीन पाणीवाटप संस्था स्थापल्या. पुढे साऱ्या प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि त्यांचा एक प्रकल्पस्तरीय संघ उभा राहिला. २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. या कायद्याने संस्थेला पाणी मोजून द्यावे असे ठरवले, आणि मोजलेल्या कोट्यातून कोणते पीक घ्यावे हे शेतकऱ्यावर सोपवले. फडाने पीक बांधून पाणी मोजले होते. नव्या कायद्याने पाणी मोजून पीक मोकळे सोडले. जेथे मोजमापाचे यंत्र नीट चालते आणि धरणातून ठरलेला कोटा खरोखर सुटतो, तेथे हा बदल हिताचाच आहे. जेथे यंत्र बिघडलेले असते किंवा कोटा कागदावर राहतो, तेथे संस्थेच्या हाती फक्त पाणीपट्टी वसूल करण्याचे काम उरते, आणि असल्या संस्था काढून राज्यभर आकडे फुगवण्यात कोणाचे कल्याण झालेले नाही.

ओझरच्या संस्थांनी मात्र एक असे पाऊल उचलले, की जेथे पांझरेकाठचे फड हरले होते तेथेच त्यांनी हात घातला. कालव्याचे पाणी त्यांनी गावाच्या नाल्यांत सोडून बंधाऱ्यांनी अडवले, ते जमिनीत मुरवून विहिरी भरल्या, आणि त्या विहिरींवर भिजणाऱ्या शेतांकडूनही पाण्याचे पैसे घेण्याचे ठरवले. विहीर माझी, जमीन माझी, मग पाणीही माझे, हा दावा आजही कायद्याच्या दृष्टीने बळकट आहे आणि गावातल्या समर्थ माणसाच्या तोंडी तो अधिकच बळकट होतो. तरीसुद्धा ओझरच्या शेतकऱ्यांनी आपसांत बसून मान्य केले, की कालव्यातून मुरून आलेले पाणी विहिरीत असले तरी ते सर्वांच्याच हिश्श्यातले आहे.